उल्वाचा उतारा: भावनगरच्या एका प्रयोगाचा हिशेब

ऊसपट्ट्यात कुठलाही कच्चा माल समोर आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: उतारा किती, म्हणजे मालाच्या वजनावर साखर किती टक्के निघते? भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायने संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी २०१३ साली एका हिरव्या समुद्री शेवाळाचा उतारा प्रसिद्ध केला. शेवाळाचं नाव उल्वा फॅसियाटा. ते पाण्यात तापवून, मग एन्झाइम लावून सुक्या मालाच्या दर ग्रॅममागे २०६.८२ मिलिग्रॅम साखर निघाली. टक्क्यांत सांगायचं तर २०.७. आपल्याकडे उसाचा उतारा बारावर गेला तर कारखान्यात पेढे वाटतील.

असा आकडा सादरीकरणाच्या पहिल्याच स्लाइडवर शोभून दिसतो. तो खरा आहे आणि प्रयोगही नीट केलेला आहे. तरीही शेवाळाचं इथेनॉल पेट्रोलपंपावर आलेलं नाही. शेवाळातून साखर निघत नाही, हे त्याचं कारण नव्हे. साखर निघते, आणि लाकूड किंवा चिपाड यांच्यापेक्षा कितीतरी सहज निघते. अडतं ते तिच्या अवतीभवती: पाणी, मीठ, साखरेची जात आणि द्रावणातली तिची तीव्रता. भावनगरच्या या एका प्रकरणात हे सगळं एकत्र दिसतं. त्याच संस्थेने आधी आणि नंतर केलेलं कामही जोडून पाहिलं, तर साखर या शेवाळातून कुठल्या टप्प्यावर काढावी याचं उत्तरही त्यातच सापडतं.

माल काय आहे

उल्वा म्हणजे ओहोटीच्या वेळी खडकांवर दिसणारी पोपटी, पातळ, चुरगळलेली पात. उजेडासमोर धरली तर आरपार बोटं दिसतात, कारण तिची जाडी फक्त दोन पेशींची असते. जमिनीवरच्या झाडाला उभं राहायला लागतं तसं खोड तिला लागत नाही, कारण पाणीच तिला तोलून धरतं. म्हणून लाकडाला ताठपणा देणारं लिग्निन तिच्यात नसतं. चिपाड, भाताचा पेंढा किंवा कापसाच्या पऱ्हाट्या यांतून साखर काढायची तर पहिला आणि सगळ्यात खर्चिक भाग म्हणजे लिग्निनची भिंत फोडणं. तिथे आम्ल किंवा अल्कली आणि वाफेचा भारी दाब लागतो. उल्वाच्या बाबतीत ही लढाईच नाही.

मग आहे काय? पेशीभित्तिकेत सेल्युलोज, थोडं झायलोग्लुकन, थोडं ग्लुक्युरोनन आणि भरपूर उल्वान. पेशीच्या आत स्टार्चचे कण. शिवाय प्रथिनं आणि क्षार. सुक्या उल्वाला जाळून राख तोलली तर ती वजनाच्या पाचव्या हिश्श्याइतकी किंवा त्याहून जास्तही भरू शकते. यातलं उल्वान नीट समजून घ्यायला हवं, कारण पुढचा सगळा गुंता त्याच्यापाशी आहे. ही ऱ्हॅम्नोज, झायलोज, ग्लुक्युरॉनिक आम्ल आणि इड्युरॉनिक आम्ल यांची साखळी असते आणि तिला जागोजागी सल्फेटचे गट लटकलेले असतात. सुक्या वजनाच्या साधारण दहा ते तीस टक्के ती भरते. म्हणजे कर्बोदकांचा मोठा वाटा असा की त्यात ग्लुकोज जवळजवळ नाहीच.

नावाबद्दल जाता जाता एक सूचना. लिनियसने नोंदवलेल्या उल्वा लॅक्टुकाच्या मूळ नमुन्याचा डीएनए २०१९ साली तपासला गेला, तेव्हा तो आपल्या उबदार पाण्यातल्या उल्वा फॅसियाटाशी जुळला. युरोपातल्या थंड किनाऱ्यांवरच्या जुन्या निबंधांत ज्याला लॅक्टुका म्हटलंय ते बरेचदा वेगळंच शेवाळ असतं. तिकडचे आकडे इकडे लावताना जरा जपून.

तापवणं आणि एन्झाइम

प्रयोगाची कृती ऐकायला सोपी आहे. शेवाळ पाण्यात घेऊन १२० अंश सेल्सिअसला एक तास ठेवायचं. स्वयंपाकघरातल्या कुकरमध्ये शिट्टी होण्याच्या सुमारास जेवढं तापमान असतं, जवळपास तेवढंच हे आहे. त्यात ना आम्ल, ना अल्कली, ना कसलं द्रावक. त्यानंतर द्रावणाच्या २ टक्के घनफळाइतकं एन्झाइम घालून ४५ अंशांवर ३६ तास.

या तासाभरात होतं काय? गरम पाण्यात उल्वान विरघळू लागतं. सेल्युलोजच्या तंतूंमध्ये आणि भोवती जो चिकट थर भरलेला असतो तो सैल पडतो, पात फुगते. आतलं स्टार्च शिजून पाणी पितं. एन्झाइम हा प्रथिनाचा मोठा रेणू असतो, त्याला तंतूपर्यंत पोहोचायला वाट लागते, आणि ही वाट तापवण्याने मोकळी होते. तंतूंच्या आतली घट्ट स्फटिकी रचना मात्र पाणी तापवून फारशी बदलत नाही. उल्वातलं सेल्युलोज मुळात विस्कळीत असल्यामुळे तेवढ्यावर भागतं.

सेल्युलोज कापणारं सेल्युलेज हे एक एन्झाइम नसून टोळी आहे. पहिलं साखळीच्या मधोमध कुठेही घाव घालतं. दुसरं मोकळ्या टोकांपासून दोन-दोन ग्लुकोजचे तुकडे सोडवत जातं, ते तुकडे म्हणजे सेलोबायोज. तिसरं, बीटा-ग्लुकोसिडेज, सेलोबायोजचे दोन भाग करून ग्लुकोज देतं. हे तिसरं कमी पडलं की सेलोबायोज साठतं, आणि साठलेलं सेलोबायोज आधीच्या दोघांनाच थोपवून धरतं. बाजारात मिळणाऱ्या मिश्रणांत या तिघांचं प्रमाण वेगवेगळं असतं, सोबत हेमिसेल्युलेज, पेक्टिनेज अशी पाहुणे मंडळीही असतात. त्यामुळे कुठलं मिश्रण कुठल्या मालावर चालेल हे कागदावर ठरत नाही, लावूनच बघावं लागतं. भावनगरला चार मिश्रणं लावून बघितली: व्हिस्कोझाइम एल आणि सेल्युलेज २२०८६, २२११९, २२१२८. त्यांत २२११९ सरस ठरलं आणि वरचा उतारा त्याचाच आहे.

४५ अंश हा तापमानाचा आकडाही तडजोडीचा असतो. बुरशीपासून मिळवलेली बहुतेक सेल्युलेज ५० अंशांच्या आसपास सगळ्यात जोरात काम करतात, पण त्या तापमानाला ती लवकर थकतातही. दीड दिवस काम करून घ्यायचं असेल तर थोडं खाली राहिलेलं बरं. इथे ते आणखी एका कारणाने उपयोगी पडलं. तेच एन्झाइम दुसऱ्यांदा वापरलं तरी साखर तेवढीच निघाली. ही ओळ निबंधात सहज येऊन जाते. माझ्या मते ती उताऱ्याच्या आकड्याइतकीच महत्त्वाची आहे, आणि तिचं कारण पुढे हिशेबात येईल.

नेमकी कुठली साखर

निघालेली साखर मोजायची नेहमीची रीत म्हणजे डीएनएस, डायनायट्रोसॅलिसिलिक आम्लाची रंगचाचणी. परीक्षानळीत पिवळाधमक अभिकर्मक, त्यात नमुना, उकळत्या पाण्यात पाच मिनिटं. साखर असेल तर पिवळ्याचा नारिंगी, मग विटकरी, मग गडद तपकिरी रंग होतो आणि ५४० नॅनोमीटरवर तो वाचला जातो. पद्धत स्वस्त आणि भरवशाची आहे, पण तिला साखरेची जात कळत नाही. ग्लुकोज, झायलोज, ऱ्हॅम्नोज, सेलोबायोज, ग्लुक्युरॉनिक आम्ल, ज्याला मोकळं टोक आहे ते सगळं ती मोजते. म्हणून निबंधांत "साखर" असं न म्हणता "रिड्यूसिंग शुगर" म्हणतात. वाचताना तो शब्द डोळ्याआड होतो आणि लोक सगळ्याला ग्लुकोज समजून चालतात.

इथे मात्र त्याच निबंधातला दुसरा आकडा मदतीला येतो. या द्रावणावर यीस्ट लावल्यावर दर ग्रॅम रिड्यूसिंग शुगरमागे ०.४५ ग्रॅम इथेनॉल मिळालं. एक ग्रॅम ग्लुकोजपासून जास्तीत जास्त ०.५१ ग्रॅम इथेनॉल होऊ शकतं. म्हणजे ८८.२ टक्के. आता विचार करा. साधं यीस्ट झायलोज आंबवत नाही, ऱ्हॅम्नोज आंबवत नाही, युरॉनिक आम्लांना तर तोंडही लावत नाही. तरीही ८८ टक्के जमलं, याचा अर्थ मोजलेली साखर बहुतांशी ग्लुकोजच होती. ती सेल्युलोज आणि स्टार्च यांतून आली. उल्वानची साखळी बहुतेक अखंडच राहिली असणार, कारण सेल्युलेजच्या मिश्रणात तिला कापणारं हत्यारच नसतं. तिच्यासाठी उल्वान लायेज नावाचं वेगळं एन्झाइम लागतं, आणि तेही एकटं पुरत नाही. फॉर्मोसा अगारिफिला या समुद्री जिवाणूत उल्वान पूर्ण पचवायला बारा एन्झाइमांची रांग लागते, हे जर्मनीतल्या संशोधकांनी २०१९ साली उलगडून दाखवलं.

म्हणजे २०.७ टक्के हा उल्वातल्या सगळ्या कर्बोदकांचा उतारा नाही. तो ग्लुकोज देणाऱ्या भागाचा आहे. पाण्याचा रेणू जोडला जाऊन साखळी तुटते, त्यामुळे २०६.८२ मिलिग्रॅम ग्लुकोजसाठी मूळ मालात साधारण १८६ मिलिग्रॅम सेल्युलोज आणि स्टार्च मिळून लागतं. उल्वात या दोघांचं मिळून जेवढं असतं ते पाहता, एन्झाइमने जवळजवळ ताट पुसून खाल्लंय. एन्झाइम आणखी सुधारून उतारा दुप्पट होईल ही आशा इथे धरता येत नाही. उरलेली साखर दुसऱ्या जातीची आहे, यीस्टच्या उपयोगाची नाही.

२०६.८२ च्या पुढे अधिक-वजा १४.९६ हेही लिहिलेलं आहे. म्हणजे १९२ ते २२२. एकाच प्रयोगशाळेत, एकाच मालावर एवढा फरक पडत असेल, तर ऋतू बदलल्यावर, किनारा बदलल्यावर काय होईल याचा अंदाज बांधता येतो. उल्वातलं स्टार्च ऊन आणि पाण्यातला नायट्रोजन यांवर खूप खाली-वर होतं.

आम्लाचा भाऊ

याच संस्थेतून आदल्याच वर्षी, २०१२ साली, लाल शेवाळावरचं काम प्रसिद्ध झालं होतं. शेवाळ कॅपाफायकस अल्वारेझी, तमिळनाडूच्या किनाऱ्यावर ज्याची तराफ्यांवर शेती होते तेच. त्यात एन्झाइम नव्हतं. ताजं शेवाळ चिरडून आधी रस काढला. हा रस पिकांवर फवारायचं खत म्हणून विकला जातो. मागे राहिलेला चोथा ०.९ नॉर्मल सल्फ्युरिक आम्लात १०० अंशांवर शिजवला. साखरेचा उतारा प्रयोगशाळेत २५० ग्रॅमवर २६.२ टक्के आणि १६ किलोच्या संचात ३०.६ टक्के आला. आंबवण्यासाठी वापरलेलं यीस्ट पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या संग्रहातलं होतं, एनसीआयएम ३५२३. सुमारे ८० टक्के साखरेचं इथेनॉल झालं, आणि त्या इथेनॉलचं ई१० पेट्रोल (दहा टक्के इथेनॉल मिसळलेलं) करून गाडीही चालवून दाखवली.

२६ किंवा ३० टक्के, आणि उल्वाचे २०.७. मग आम्ल जिंकलं का? असं समोरासमोर ठेवता येत नाही. कॅपाफायकसचा भागाकार रस काढून उरलेल्या चोथ्यावर आहे, उल्वाचा अख्ख्या सुक्या शेवाळावर. लाल शेवाळाच्या आकड्यात गाळात अडकून राहिलेली साखरही धरली आहे. आणि साखरेची जातही वेगळी. चोथ्यात मुख्यतः कॅराजीनन असतं. त्याची साखळी गॅलॅक्टोज आणि अनहायड्रोगॅलॅक्टोज अशी एकाआड एक जाते. आम्लात पहिला भाग साखर म्हणून हाती येतो. दुसरा मात्र नाजूक, तो मोडून त्याचं हायड्रॉक्सीमिथाइलफरफ्युरल होतं आणि ते यीस्टला जाचक ठरतं. आम्लाला साखळी तोडणं आणि साखर मोडणं यांत फरक करता येत नाही, कळ थोडी जास्त फिरली की साखर जळते. एन्झाइमला तो फरक कळतो, त्याची खरी किंमत हीच.

आम्लाचं दुसरं ओझं वजनात मोजता येतं. ०.९ नॉर्मल म्हणजे लिटरमागे ४४ ग्रॅम सल्फ्युरिक आम्ल. ते मारायला चुना. सगळं आम्ल चुन्याने मारलं तर लिटरमागे जवळपास ७७ ग्रॅम जिप्सम तयार होतं. साखरेपेक्षा जिप्समच जास्त झालं तर नवल नको. शिवाय शेवाळाचं स्वतःचं मीठ आहेच. म्हणून भावनगरला गाळलेलं द्रावण इलेक्ट्रोडायलिसिसने, म्हणजे वीज लावून पडद्यांतून मीठ ओढून घेऊन, निर्लवण करावं लागलं. मीठ आणि पडद्यांचं तंत्र हा या संस्थेचा १९५४ पासूनचा घरचा विषय, त्यांना ते जमलं. दुसऱ्या कुणाला ही पायरी महागात पडेल.

तरी त्या आम्लाच्या कामात एक गोष्ट फार शहाणपणाची होती. एकदा शिजवलेल्या द्रावणात पुन्हा नवा चोथा घातला, पुन्हा शिजवला, पुन्हा घातला. हवी ती तीव्रता येईपर्यंत हेच. उताऱ्याच्या मागे न लागता तीव्रतेच्या मागे लागणं ही डिस्टिलरीची अक्कल आहे. उल्वाच्या प्रयोगात नेमकी हीच बाजू लंगडी आहे.

डिस्टिलरीच्या टेबलावर

आता तो हिशेब मांडू. निबंधातले दोन आकडे घ्यायचे, बाकी माझी गृहीतकं.

एक टन सुकं उल्वा. त्यातून २०७ किलो साखर, तिचं ९३ किलो इथेनॉल, म्हणजे सुमारे ११८ लिटर. चांगलं वाटतं. पण समुद्रातून निघताना उल्वात पाणी ८५ टक्के धरलं, तर एक टन ओल्या मालात सुका भाग फक्त १५० किलो. त्यातून साखर ३१ किलो. म्हणजे उसासारखा ओल्या वजनावर उतारा काढला तर तो येतो ३.१ टक्के, आणि इथेनॉल टनाला १८ लिटर. उसाच्या रसापासून थेट इथेनॉल केलं तर टनाला ७० लिटरच्या आसपास निघतं. मळीचा विषयच नको, साखर काढून झाल्यावर शेवटी उरणारी सी-हेवी मळी टनाला सव्वादोनशे लिटर देते. पेढे परत डब्यात ठेवा.

पुढे तीव्रता. लिटरभर पाण्यात १०० ग्रॅम सुकं शेवाळ घेतलं असं समजू. हे काही कमी नाही. उल्वान विरघळलं की एवढ्यातच द्रावण इतकं दाट होतं की ढवळणं जड जातं. त्यात साखर येते लिटरला २० ग्रॅम, इथेनॉल ९ ग्रॅम. घनफळावर जेमतेम सव्वा टक्का. मळीच्या वॉशमध्ये, म्हणजे आंबवलेल्या द्रावणात, आठ-दहा टक्के असतं. ऊर्ध्वपातनाला परवडायचं तर वजनावर निदान चार टक्के तरी लागतं असं सगळे मानतात. तेवढं गाठायला उल्वाचं प्रमाण लिटरला ४३० ग्रॅमपर्यंत न्यावं लागेल. तो लगदा नळातून वाहणार नाही.

उष्णतेचं गणित तर आणखी बोचरं आहे. त्याच दहा टक्क्यांच्या द्रावणात एक टन सुक्या शेवाळासोबत नऊ टन पाणी. ते ३० अंशांवरून १२० अंशांवर नेण्यासाठी सुमारे साडेतीन गिगाज्यूल उष्णता लागते. ९३ किलो इथेनॉल जाळून मिळते अडीच गिगाज्यूल. आंबवणं आणि ऊर्ध्वपातन अजून दूरच आहे. गरम द्रावणाची उष्णता पुढच्या थंड द्रावणाला दिली तर यातला बराच भाग परत मिळवता येतो, कुठलाही अभियंता ते करेलच. पण प्रयोगशाळेतल्या ऑटोक्लेव्हमध्ये हा खर्च दिसत नाही, आणि निबंधात तो न दिसण्यात काही लबाडीही नाही. त्यांचा प्रश्न साखर निघते का एवढाच होता.

आणि एन्झाइम. द्रावणाच्या २ टक्के म्हणजे लिटरला २० मिलिलिटर. लिटरमध्ये १०० ग्रॅम शेवाळ धरलं तर टनाला २०० लिटर एन्झाइम. दोनदा वापरलं तर १००. म्हणजे ११८ लिटर इथेनॉलसाठी १०० लिटर एन्झाइम. आता कळेल की "दुसऱ्यांदा वापरता येतं" ही ओळ मला का महत्त्वाची वाटते. ते दोनदा नव्हे, वीसदा वापरता आलं तर बोलता येईल. प्रयोगशाळेतली मात्रा नेहमीच सढळ असते, कारण तिथे एन्झाइम कमी पडल्यामुळे उतारा कमी आला अशी शंका कुणाला ठेवायची नसते. पण मोठ्या संचाचा अंदाज बांधताना ही मात्रा तशीच उचलणं म्हणजे स्वतःलाच फसवणं.

पुढच्या दोन चाली

भावनगरच्या लोकांना हे कळत नव्हतं असं नाही. त्यांचं पुढचं काम नेमकं याच दोन दुखऱ्या जागांवर आहे.

पहिली जागा एन्झाइम. २०१५ साली त्यांनी क्लॅडोस्पोरियम स्फेरोस्पर्मम ही समुद्री बुरशी थेट उल्वावरच वाढवून तिच्याकडून सेल्युलेज मिळवलं. पाण्याच्या टाकीत नव्हे, ओलसर घन मालावर, ज्याला सॉलिड स्टेट फर्मेंटेशन म्हणतात. त्या घरगुती एन्झाइमने उल्वातून ग्रॅममागे सुमारे ११२ मिलिग्रॅम साखर काढली. बाजारच्या एन्झाइमच्या मानाने निम्म्याच्या थोडी वर. उतारा घटला म्हणून नाक मुरडायचं कारण नाही. विकत घ्यायचं एन्झाइम शून्यावर येत असेल तर निम्मा उतारा हा तोट्याचा सौदा असेलच असं नाही. शिवाय समुद्रातल्या बुरशीचं एन्झाइम मिठाला सरावलेलं असण्याची शक्यता जास्त. शेवाळ गोड्या पाण्याने वारंवार धुवायचं नसेल तर ते हवंच.

दुसरी जागा क्रम. २०१६ साली त्यांनी ताज्या उल्वापासून ओळीने चार गोष्टी काढायची साखळी मांडली. आधी क्षारयुक्त रस, मग स्निग्धांश, मग उल्वान, आणि सगळ्यात शेवटी सेल्युलोज. त्या सेल्युलोजला एन्झाइम लावून साखर आणि इथेनॉल. कॅपाफायकसमध्ये रस आधी काढण्याची जी युक्ती होती ती इथे पूर्णत्वाला गेली.

मला या मांडणीत सगळ्यात आवडतं ते हे की पूर्वप्रक्रियेचा वेगळा खर्च त्यात नाहीसा होतो. २०१३ च्या कृतीत शेवाळ १२० अंशांना तापवलं ते एन्झाइमची वाट मोकळी करायला, आणि वाट मोकळी झाली ती बरीचशी उल्वान सुटल्यामुळे. ते सुटलेलं उल्वान मात्र द्रावणात राहून दाटपणा वाढवत बसलं. साखळीत तेच उल्वान गाळून घेतलं जातं, विकता येतं, आणि मागे उरतं ते उघडं पडलेलं सेल्युलोज. त्याच उष्णतेची दोन कामं होतात. मीठ रसाबरोबर आधीच गेलेलं असतं. उरलेला माल वजनाने थोडा, पण ग्लुकोजने भरलेला, त्यामुळे टाकीत कमी पाण्यात जास्त साखर बसते. वर मांडलेल्या हिशेबातल्या पाणी, मीठ, जात, तीव्रता या चारही अडचणींना इथे एकाच वेळी थोडा थोडा उतार मिळतो.

मलेशियातल्या संशोधकांनी २०१४ च्या सुमारास लाल शेवाळाच्या बाबतीत वेगळ्या वाटेने हेच दाखवलं. कॅराजीनन काढून झाल्यावर कारखान्यात जो सेल्युलोजयुक्त चोथा टाकून देतात, त्याला थेट एन्झाइम लावलं. वेगळी पूर्वप्रक्रिया काही नाही, कारण कॅराजीनन काढणं हीच पूर्वप्रक्रिया होऊन गेलेली. साखर उत्तम निघाली. कॅपाफायकसच्या सबंध चोथ्याचं इथेनॉल करणं मला म्हणूनच पटत नाही. त्यातलं कॅराजीनन आइस्क्रीमपासून टूथपेस्टपर्यंत खपतं, त्याला इंधनापेक्षा कितीतरी चढा भाव मिळतो. त्याला आम्लात उकळून गॅलॅक्टोज करणं हा विज्ञानाचा प्रश्न म्हणून ठीक, धंदा म्हणून उलटा.

कोकणात आणायचं तर

रत्नागिरी, मालवणच्या खडकांवर, गोव्यात हणजुण्याला उल्वा पावसाळ्यानंतर दिसू लागतं आणि उन्हाळा तापला की विरतं. त्यामुळे कोकणात याचं काहीतरी करावं असं अधूनमधून सुचवलं जातं. त्यात वावगं काही नाही. पण खडकावरचं खरवडून कारखाना चालत नाही, एवढं आधी मान्य करायला हवं. शेवाळ वाढवावं लागेल, आणि जून ते सप्टेंबर आपला समुद्र कुणाला तराफे लावू देत नाही.

दुसरा अडसर साठवणुकीचा. ओलं उल्वा ढिगात टाकलं की एक-दोन दिवसांत आंबायला लागतं आणि त्यातल्या सल्फेटमुळे हायड्रोजन सल्फाइड सुटतो. फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावर साठलेल्या हिरव्या थरांचा हा वायू २००९ साली एका घोड्याच्या जिवावर बेतला होता, त्यामुळे ही नुसती दुर्गंधीची तक्रार नव्हे. उन्हात वाळवलं तर माल महिनोन्महिने टिकतो, आणि २०१३ च्या कृतीला सुकं शेवाळ चालतंही. पण वाळवल्यावर रस काढता येत नाही. म्हणजे साखळीतलं पहिलं उत्पादन जातं आणि मीठ पुन्हा मालातच राहतं. ताजं हवं तर गाळप किनाऱ्यालगत आणि त्याच दिवशी व्हायला हवं, ऊस तोडल्यावर कारखाना जी घाई करतो त्याहून जास्त घाईने. निदान रस काढण्याची आणि उल्वान गाळण्याची पायरी तरी जेटीजवळ लागेल. मागे राहिलेलं सेल्युलोज मग सुकवून कुठल्याही डिस्टिलरीत नेता येईल, त्याला घाई नाही.